टेपचं दुसरं टोक

माझे मामा आयुष्यात कधी धावले नाहीत. बस सुटत असली तरी ते चालतच तिच्याकडे जायचे, आणि ती डोळ्यांदेखत निघून गेली की ड्रायव्हर किती सेकंद लवकर निघाला ते घड्याळात बघून आम्हाला सांगायचे. तरी आमच्या एवढ्या मोठ्या शहरात पहाटे बूट घालून बाहेर पडणारा आणि त्यांना न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. धावणाऱ्यांच्या अख्ख्या जगाचे ते 'मोजणीवाले मामा' होते. खरे मामा मात्र फक्त माझे.

जमीन मोजणी खात्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, या दोन गोष्टी ते तिथून घरी घेऊन आले. समोरच्याने बांधलेली कुंपणाची भिंत चार बोटं अलीकडे आली होती, तर ती त्यांनी पाडायला लावली. त्या चार बोटांत आम्ही काय पेरणार होतो, देव जाणे. आई गेल्यावर नऊ वर्षांची मी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी दाराच्या चौकटीला उभं करून माझी उंची घेतली. मी टाचा उचलल्या होत्या, म्हणून परत घेतली. मामीने तोवर माझं ताट वाढून ठेवलं होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा मी नुकती मन लावून धावायला लागले होते. एक दिवस घामाघूम होऊन आले, तर त्यांनी किती धावलीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, असेल पाच-सहा किलोमीटर. त्या 'असेल'ने त्यांची झोप उडाली. आठवड्याच्या आत त्यांनी जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटं यंत्र बसवून घेतलं. चाक फिरलं की त्यावरचा आकडा पुढे सरकायचा. किती फेऱ्यांचा एक किलोमीटर, हे कळण्यासाठी आधी एक पक्कं अंतर लागतं. पाणी शुद्ध करायच्या केंद्रामागे एक सरळ, निर्मनुष्य रस्ता आहे. तिथे मामांनी टेपने तीनशे मीटर मोजले, दोन्ही टोकांना डांबरात खिळे ठोकले आणि त्या दोन खिळ्यांमध्ये सायकल आठ वेळा नेली-आणली. टेपचं दुसरं टोक धरायला दिवसा घरात दुसरं कोण होतं? मामीच त्यांच्याबरोबर गेली होती.

मग त्यांना जे वेड लागलं त्याला तोड नाही. शहरात आणि शहराबाहेर धावायला सुंदर अशा जेवढ्या जागा होत्या, तेवढ्या त्यांनी पालथ्या घातल्या. मोठं तळं, त्यात गुडघाभर पाण्यात उभी वाळकी झाडं आणि त्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. नदीकाठची पायवाट, जी सात पुलांखालून जाते. बंद पडलेली दगडाची खाण, जिच्यात आता हिरवं पाणी साठलंय. पाण्याच्या टाकीची टेकडी, जिथून अख्खं शहर दिसतं. रूळ उखडलेली जुनी रेल्वेची वाट, तिच्यातले दोन थंडगार बोगदे. आणि बसने तासभर लांबचं पवनचक्क्यांचं पठार. असे एकूण अकरा रस्ते. प्रत्येकावर दर किलोमीटरला त्यांनी पिवळ्या रंगाची बोटभर रेघ ओढली आणि एक पत्रक छापून घेतलं. त्यात प्रत्येक रस्त्याखाली त्यांच्या सूचना होत्या: 'चौथ्या खुणेपाशी डावीकडे पाहावे. दृश्य उत्तम. तीन सेकंदांपेक्षा जास्त पाहू नये.' लोक हसायचे, पण डावीकडे बघायचे.

आता बहुतेकांच्या मनगटावर आकाशातल्या उपग्रहाशी बोलणारी घड्याळं असतात. ती घड्याळं मामांच्या दहा किलोमीटरला नऊ पॉइंट आठ म्हणायची. मामा म्हणायचे, झाडाखाली घड्याळ भांबावतं. खाणीत का भांबावतं? तर दगडामुळे. दातांचे एक डॉक्टर होते, ते एकदा पठारावर धावून आले. तिथे ना झाड ना दगड, आणि त्यांचं महागडं घड्याळ तिथेही नऊ पॉइंट आठच. मामांनी त्यांना उभ्या उभ्या सुनावलं की ही कंपन्यांची माप मारायची नवी तऱ्हा आहे. मीही शेजारी उभी राहून डॉक्टरांना दोन शब्द ऐकवले. माझ्याकडे साधं बटणाचं घड्याळ होतं, अंतर मामांचं आणि वेळ माझी. मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम करत होते. सहा वर्षं. मग क्रीडाशाळेत मुलींना पळणं शिकवायची एक जागा निघाली. अट एकच मोठी होती: दहा किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत. चाचणी तळ्याच्या रस्त्यावर झाली, कारण मामांच्या मापाइतकं पक्कं माप शहरात नाही असं शाळेनेच ठरवलं होतं. तिघी धावलो. दोघी चाळीसच्या बाहेर गेल्या आणि मी एकोणचाळीस मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत आले. मामांनी त्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारली. तशी त्यांना सवय नसल्यामुळे ती जरा जोरातच बसली.

दोन महिने मी त्या शाळेत होते. माझी स्वतःची शिट्टी होती, कपाटाची किल्ली होती, आणि तेवीस मुली मला ताई म्हणत होत्या. त्यांतल्या निम्म्या टाचांवर पळायच्या, त्यांना मी पंजांवर आणत होते. काचेची धूळ नाकातून गेली होती. सकाळी जाग आली की मला हसू यायचं.

आणि मग उद्यान खात्याचा एक इंजिनियर आमच्या घरी आला. खात्याने ठरवलं होतं की मामांच्या अकराही रस्त्यांवर रंगाच्या रेघांऐवजी कायमचे दगडी खांब बसवायचे. मामांचा आनंद त्यांच्या कानांवर दिसत होता, ते लाल झाले होते. इंजिनियर पोरगेलासा आणि नम्र होता. त्याला कागदावर लिहायचं होतं म्हणून त्याने विचारलं, की मुळातले ते तीनशे मीटर कसे मोजले. मामांनी सांगितलं: पन्नास मीटरची टेप, नवी कोरी, सहा वेळा टाकली.

चहाचे कप ठेवता ठेवता मामी म्हणाली, "आणि दर वेळेला मी एक मीटर सोडून धरली हो. कडीवर भरवसा नाही ना ठेवायचा."

हे नीट सांगायला हवं. टेपच्या सुरुवातीला एक लोखंडी कडी असते, तिथे शून्य. कचेरीतल्या टेपा वापरून वापरून त्यांच्या कड्या वाकतात, म्हणून मोजणीवाले लोक कडी खिळ्यावर धरतच नाहीत. एक मीटरची खूण धरतात आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करतात. मामा तीस वर्षं रोज जेवताना वाकड्या कड्यांना आणि ती कडी धरणाऱ्या गाढवांना शिव्या घालत होते. मामी तीस वर्षं ते ऐकत होती. त्यांनी बोलावलं तेव्हा ती गाढव ठरू नये म्हणून तिने आपणहून, शहाणपणाने, एक मीटर सोडून टेप धरली. आणि मामांनी टेप नवी आणली होती, शिवाय घरातल्या बाईला हे कचेरीतलं काय कळणार असं धरून चालले होते. त्यांनी वजा काही केलंच नाही. एकाने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही.

पन्नास म्हणून लिहिले ते एकोणपन्नास होते. सहा वेळा.

मामांनी हातातला कप खाली ठेवला. इंजिनियरने कागदावरचं पेन उचललं. मामी अजून हसत उभी होती, कारण तिला वाटत होतं आता कौतुक होईल. मला आधी आकडेमोड सुचेना. मग ती आपोआप झाली. तीनशेला सहा कमी, म्हणजे दहा किलोमीटरला दोनशे मीटर कमी. नऊ पॉइंट आठ. दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ, नदीवरच्यांचं, खाणीतल्यांचं, सगळ्यांची घड्याळं बरोबर होती. आणि ते दोनशे मीटर मला धावायला जवळपास पन्नास सेकंद लागतात.

मामा चपला न घालताच निघाले. इंजिनियर त्याची टेप घेऊन मागे, आम्ही दोघी त्याच्या मागे. पाणी केंद्रामागच्या रस्त्यावर खिळे होते तिथेच होते. इंजिनियरने आणि मी टेप टाकली. मामा प्रत्येक वेळी वाकून कडी बघत होते. दुसऱ्या खिळ्यापाशी आकडा दोनशे चौऱ्याण्णव आला. भर दुपारी मामा त्या डांबरावर अनवाणी उभे होते आणि त्यांना चटका बसत असल्याचं दिसत नव्हतं.

आता ते मामीवर कडाडणार असं मला वाटलं. मामीही मान खाली घालून तयार होती. पण मामा इंजिनियरकडे वळले.

"खांब आहे तिथेच बसवा," ते म्हणाले. "रेघांवरच. हे आपल्या चौघांत राहू दे."

चार बोटांसाठी भिंत पाडणारा माणूस दोनशे मीटर गिळायला निघाला होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले की पोरगी आत्ता कुठे मार्गाला लागलीय. आणि माझं काय झालं तेही सांगते, लाज वाटली तरी. मला हायसं वाटलं. त्यांनी तसं म्हणावं म्हणून मी मघापासून मनात धावा करत होते, आणि ते म्हणाल्याबरोबर मला त्यांची चीडही आली. इंजिनियरची पंचाईत झाली. सोमवारी येतो म्हणाला आणि टेप गुंडाळून निघून गेला.

आम्ही घरी आलो. मामा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. मामीने स्वयंपाक केला, तो कुणी जेवलं नाही. झाकपाक करताना तिने मला एकच विचारलं, की मुली तुला विचारतील, किती धावलीस, तर काय सांगशील? मी तिच्यावर खेकसले. तुझ्यामुळे झालं सगळं, म्हणाले. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत मुलींना उड्या शिकवत होते, तर मैदानाच्या फाटकातून मामी आत येताना दिसली. मामी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे कधी गेलेली नाही. दोन बस बदलून, विचारत विचारत आली होती. ती माझ्याकडे आलीच नाही, सरळ मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. माझी शिट्टी तोंडातच राहिली. धावत जाऊन दारात पोचेपर्यंत तिचं सांगणं सुरूही झालं होतं. टेप माझ्या हातात होती, चूक माझी आहे, मुलीचा दोष नाही, तिला पुन्हा धावू द्या. असं ती सांगत होती, आणि बोटांनी हवेत कडी दाखवत होती.

मुख्याध्यापिका शिस्तीच्या होत्या, पण माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. रस्ता नीट मोजून घ्या, मग ही पुन्हा धावेल, चाळीसच्या आत आली तर जागा तिचीच. मग त्या मामीला म्हणाल्या, की तुमच्या घरातली माणसं स्वतःची चूक सांगायला इतक्या लांब येतात, तेव्हा माझी माणसं मी मध्ये घालणार नाही. रस्ता तुमचे यजमानच मोजतील आणि घड्याळही त्यांच्याच हातात असेल.

मामांना हे मामीने संध्याकाळी सांगितलं. तिने एवढं मोठं काम त्यांना न विचारता करण्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं आता घराचं छप्पर उडणार. मामा तिच्याकडे बघत राहिले, एखादं नवं माणूस घरात शिरावं तसे. मग उठून अंगणात गेले. पुढचे चार दिवस दोघांत अबोला होता आणि मी दोघांशी बोलत नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी मामांनी नवी टेप काढली आणि दारात उभे राहिले. मामीने पदर खोचला आणि त्यांच्या मागे गेली. मी सायकल घेऊन होते, म्हणून ऐकलं. मामा पन्नास मीटर पुढे जायचे, वळायचे आणि ओरडायचे, "कुठे धरलीय?" मामी ओरडायची, "कडी." सहा वेळा तेच. सहाव्या वेळेला मामांनी नवीन जागी खिळा ठोकला, जुन्याच्या पुढे सहा मीटर. मग आधी तळ्याभोवतीच्या सगळ्या पिवळ्या रेघा त्यांनी तारेच्या घासणीने खरवडून काढल्या. पहिली वीस मीटर पुढे गेली, दुसरी चाळीस, आणि शेवटची दोनशे. धावणारे थांबून विचारायचे काय झालं. मामा प्रत्येकाला म्हणायचे, "चुकलं होतं." दातांच्या डॉक्टरांनाही म्हणाले. डॉक्टर बिचारे स्वतःच ओशाळले.

तीन आठवडे मी जीव तोडून धावले. खऱ्या दहा किलोमीटरला आधी चाळीस पंचवीस लागले, मग चाळीस सतरा. चाळीस चौदाच्या खाली काही येईना. रोज मी मनातल्या मनात सेकंद कापत होते. एकेका सेकंदाला मुली दिसत होत्या, किल्ली दिसत होती, आणि मागच्या खोलीतलं काचा घासायचं चाक.

चाचणीच्या सकाळी तळ्यावर वारा नव्हता. पाणकावळे आपले नेहमीसारखे पंख पसरून बसले होते. चाचणीत स्वतःचं घड्याळ घालायचं नाही असा नियम होता, म्हणून माझं मनगट मोकळं होतं. मामांनी इशारा केला आणि मी सुटले. चौथ्या खुणेपाशी मी डावीकडे पाहिलं नाही. सातव्यापाशी पोटात कळ आली, ती दाबली. जिथे जुनी शेवटची रेघ होती तिथे खरवडलेला फिका डाग होता. त्यावरून गेले तेव्हा एकच वाटलं, इथे संपायचं हे. पुढे दोनशे मीटरवर मामा घड्याळ धरून उभे होते, शेजारी मामी, आणि थोडं मागे झाडाखाली वही घेऊन मुख्याध्यापिका. मी डोळे मिटून पळाले. इतकी जोरात मी आयुष्यात कधी पळाले नव्हते, आणि रेघेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर पडले.

मान वर केली तर मामा घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या तोंडावरून मला काही कळेना. मुख्याध्यापिकांनी झाडाखालूनच विचारलं, किती झाले?

मामा बोलेनात. छत्तीस वर्षं जो माणूस शेताच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असे आकडे ओरडून सांगायचा, त्याचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. तेव्हा मला कळलं की मी चाळीसच्या बाहेर आहे. आणि हेही कळलं की तो आकडा फक्त त्यांना दिसतोय. त्यांनी एकोणचाळीस अठ्ठावन्न म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. म्हणा, मी मनात म्हणत होते. एकदाच खोटं बोला. माझ्यासाठी बोला. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्याही मनात तेच चाललंय हे मला स्पष्ट दिसलं. त्या नजरेने मला जो धक्का बसला तो दोनशे चौऱ्याण्णवच्या आकड्यानेही बसला नव्हता.

मामीने त्यांच्या मुठीतून घड्याळ काढून घेतलं. चष्मा लावला, घड्याळ उन्हात तिरकं केलं.

"चाळीस मिनिटं, सहा सेकंद," ती वाचत म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण आकडा चिरकला नाही.

मुख्याध्यापिकांनी मामांकडे पाहिलं. माप त्यांचं होतं, शेवटचा शब्द त्यांचाच होता. दुसऱ्याने वाचलेला आकडा पुन्हा स्वतः बघितल्याशिवाय मामांनी कधी मान्य केलेला मला माहीत नाही. त्यांनी घड्याळ परत मागितलं नाही.

"ती म्हणते ते बरोबर आहे," मामा म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले.

मुख्याध्यापिकांनी वही मिटली. मी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. किल्ली त्यांनी मागितली नव्हती, तीही दिली. मला कुणाचाच राग येत नव्हता आणि रडूही येत नव्हतं, मी तिथेच खाली बसले. मामी येऊन माझ्या पोटऱ्या दाबायला लागली. मामा कडेलाच बसून, खाली बघत, रडत होते. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.